फ्रिक्वेंट फ्लायरचं सभासद व्हावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमानाचं तिकीट काढताना मध्येच एक रिकामा रकाना येतो: फ्रिक्वेंट फ्लायर क्रमांक. तो भरायचा की सोडून द्यायचा, यावरून लोक मला बरंच काही विचारतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. घाई असेल त्यांनी 3, 4 आणि 12 वाचले तरी काम भागेल.

1. फ्रिक्वेंट फ्लायर म्हणजे नेमकं काय? त्याचे पैसे पडतात का?

विमानकंपनीकडे तुमच्या नावाचं एक खातं असतं. प्रवास केला की त्यात पॉइंट जमा होतात आणि पुरेसे साठले की त्यावर तिकीट काढता येतं. काही कंपन्या त्यांना माइल्स म्हणतात, ब्रिटिश एअरवेज आणि कतार एअरवेज एव्हिऑस म्हणतात. आपल्या दृष्टीने सगळं एकच. सभासदत्व फुकट असतं. कोणी फी मागत असेल तर तो बहुधा क्रेडिट कार्ड विकतोय (प्रश्न 13).

अमेरिकन एअरलाइन्सने 1 मे 1981 ला ‘ॲडव्हांटेज’ हा आपला कार्यक्रम सुरू केला तेव्हा खरोखर उडालेले मैल मोजत, म्हणून ‘माइल्स’. आता बऱ्याच कंपन्या अंतर सोडून तुम्ही भरलेलं भाडं मोजतात. त्यामुळे एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांना वेगवेगळे पॉइंट मिळतात, आणि ज्याने तिकीट स्वस्तात पटकावलं त्याला कमी.

2. फुकट देऊन कंपनीला काय मिळतं? काहीतरी गोम असणारच ना?

गोम आहे, पण लपवलेली नाही. कंपनी हे पॉइंट बँकांना रोख पैसे घेऊन विकते आणि बँका ते कार्डधारकांना वाटतात. हा धंदा किती मोठा आहे ते कोविडमध्ये दिसलं. विमानं जमिनीवर उभी असताना 2020 मध्ये युनायटेड या अमेरिकी विमानकंपनीने आपला मायलेजप्लस कार्यक्रम तारण ठेवून 6.8 अब्ज डॉलर उभे केले, डेल्टाने स्कायमाइल्सवर 9 अब्ज. 2021 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ॲडव्हांटेजवर 10 अब्ज उचलले.

दुसरा फायदा म्हणजे तुमची सवय. खात्यात चार पॉइंट पडले की माणूस दुसऱ्या कंपनीचं स्वस्त तिकीट समोर दिसत असूनही त्याच कंपनीकडे वळतो. कंपनीला तेवढंच हवं असतं.

3. आम्ही वर्षातून एकदा, फार तर दोनदा विमानात बसतो. आमच्यासारख्यांनी कशाला त्या फंदात पडायचं?

सभासद व्हा, पण त्यापायी एक रुपयाही जास्त मोजू नका.

हिशेब करून बघू. चौघांचं कुटुंब पुण्याहून दिल्लीला जाऊन आलं. तिकिटं 40,000 रुपयांची, त्यातले कर आणि विमानतळाचे आकार वगळून 34,000 पॉइंटसाठी धरले गेले. समजा 100 रुपयांना 6 पॉइंट. म्हणजे 2,040 पॉइंट. एका पॉइंटची किंमत 50 पैसे धरली तर 1,020 रुपये. तेही चार खात्यांत विभागलेले, म्हणजे माणशी 510 पॉइंट. एवढ्यात तिकीट येत नाही. दुसऱ्या कंपनीचं तिकीट माणशी 300 रुपयांनी स्वस्त असेल तर चौघांचे 1,200 वाचले आणि पॉइंटचा सगळा लाभ तिथेच पुसला गेला.

इंडिगोचंच बघा. 2006 पासून उडणाऱ्या या कंपनीने, कार्डाशी जोडलेली एक योजना सोडली तर, 2024 पर्यंत असा कार्यक्रम ठेवलाच नव्हता. तरी देशांतर्गत प्रवाशांपैकी निम्म्याहून जास्त तिच्याकडेच होते. भाडं आणि वेळ बघून तिकीट काढणाऱ्या प्रवाशाचं त्यात काही अडलं नाही.

4. एका पॉइंटची किंमत किती हे मला कसं कळणार? कंपनी तर सांगत नाही.

कंपनी सांगणार नाही, आपणच काढायची. पॉइंटवर तिकीट घ्यायच्या दिवशी त्याच विमानाचं रोख भाडं बघा. पॉइंट वापरूनही जे पैसे भरावे लागणार आहेत ते त्यातून वजा करा. उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंटनी भागा.

समजा भाडं 6,500 रुपये आहे. पॉइंटवर काढायला 8,000 पॉइंट अधिक 900 रुपये लागतात. 6,500 वजा 900 म्हणजे 5,600. भागिले 8,000 म्हणजे 70 पैसे. आता त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीचं तिकीट 4,500 ला मिळत असेल आणि वेळही सोयीची असेल, तर वजाबाकी 6,500 मधून नाही, 4,500 मधून करायची. पॉइंट 45 पैशांवर आला.

बिझनेस क्लासच्या बाबतीत लोक इथेच स्वतःला फसवतात. ‘अडीच लाखांचं तिकीट पॉइंटवर मिळालं, एका पॉइंटचे अडीच रुपये पडले’ वगैरे. ते तिकीट तुम्ही खिशातून कधी काढलं असतं का? नसेल, तर अडीच लाख वाचले असं म्हणायला जागा नाही. आडवं होऊन झोपत गेलात, छान झालं. पण त्याची किंमत तुम्ही स्वतः प्रामाणिकपणे किती दिली असती, तीच खरी.

मी ढोबळ मानाने असं धरतो: देशातल्या तिकिटावर पॉइंटला 40 पैशांच्या खाली काही मिळत असेल तर थांबावं. व्हाउचर, मिक्सर, ट्रॉली बॅग वगैरे ‘रिवॉर्ड कॅटलॉग’ तर उघडूच नये.

5. मग कोणत्या कंपनीचं खातं उघडू?

ज्या कंपनीच्या विमानात तुम्ही एरवीही बसणारच आहात तिचं. भारतातल्या भारतात फिरणाऱ्याने इंडिगोचं ब्लूचिप आणि एअर इंडियाचा महाराजा क्लब अशी दोन्ही खाती उघडून ठेवावीत. महाराजा क्लब म्हणजे पूर्वीचं फ्लाइंग रिटर्न्स.

परदेशी जाणं असेल तर गट बघायचे, म्हणजे एकमेकींच्या विमानांवर पॉइंट देणाऱ्या कंपन्यांच्या युती. एअर इंडिया जुलै 2014 पासून स्टार अलायन्समध्ये आहे. सिंगापूर एअरलाइन्स, लुफ्थान्सा, युनायटेड, एअर कॅनडा, टर्किश त्याच गटात. ब्रिटिश एअरवेज, कतार, कॅथे पॅसिफिक वनवर्ल्डमध्ये. एअर फ्रान्स, केएलएम, डेल्टा स्कायटीममध्ये. एमिरेट्स आणि एतिहाद कुठल्याच गटात नाहीत. एका गटात एकच खातं धरून त्यात सगळं जमा करावं. चार खात्यांत थोडे थोडे पॉइंट पडले तर कुठल्याच खात्यातून तिकीट निघत नाही.

6. मुलगा न्यू जर्सीत असतो. आम्ही दोघं वर्षाआड जातो, तो दर वर्षी येतो. आमच्या नावाने खाती काढू का?

काढा. असं येणं-जाणं असलेल्या घरांनाच यातून खरं काही हाती लागतं. लांबचा प्रवास, महाग तिकिटं आणि तीच तीच वाट.

मात्र आधी मुलाशी बोला. पॉइंटवर तिकीट काढायला खातेदाराने स्वतःच प्रवास करावा लागतो असं नाही. मुलाच्या खात्यातून तुमचं तिकीट निघतं. तो अमेरिकेत कामासाठी फिरत असेल, तिथलं कार्ड वापरत असेल, तर त्याच्याकडे तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त पॉइंट असतात. तिथली कार्डं सुरुवातीलाच जेवढे पॉइंट देतात तेवढे आपल्याकडे मिळत नाहीत. तेव्हा तुमचं तिकीट त्याच्या पॉइंटवर आणि त्याचं रोखीने, हा हिशेब बऱ्याचदा फायद्याचा पडतो. पण तिकीट आधी बघायला घ्या: दिवाळी, नाताळ आणि मे-जूनमध्ये पॉइंटवर मिळणाऱ्या जागा शोधून सापडत नाहीत.

जाता जाता एक. गुडघे दुखतात म्हणून लागणारी व्हीलचेअर मिळायला सिल्व्हर-गोल्ड कार्ड (खूप उडणाऱ्या सभासदांची वरची पायरी, प्रश्न 10) लागत नाही. तिकीट काढतानाच नोंद करायची. ‘सभासद नाही म्हणून मागितली नाही’ असं सांगणारे काका-काकू भेटले आहेत, म्हणून लिहिलं.

7. लुफ्थान्साने गेलो, एअर इंडियाचा नंबर दिला होता. पॉइंट जेमतेम पडले. असं का?

ई-तिकिटावर ‘क्लास’पुढे एक इंग्रजी अक्षर असतं. इकॉनॉमीतच अशी डझनभर अक्षरं असतात आणि प्रत्येकाचा दर वेगळा. दुसऱ्या कंपनीच्या खात्यात जमा करताना बरेचदा अंतराच्या टक्केवारीने मोजतात: महाग अक्षराला पूर्ण, मधल्याला निम्मं, सर्वांत स्वस्ताला नाममात्र किंवा शून्य. तुमचं तिकीट सेलमधलं असेल तर उत्तर तिथेच आहे.

तिकीट काढण्यापूर्वी ज्या खात्यात पॉइंट हवेत त्या कंपनीच्या साइटवर भागीदार कंपनीचा तक्ता उघडा आणि आपलं अक्षर शोधा. एका खात्यात शून्य देणारं अक्षर गटातल्या दुसऱ्या खात्यात थोडंफार देऊन जातं.

8. टूर कंपनीबरोबर युरोपला गेलो होतो. आमच्या ग्रुपमध्ये कोणालाच पॉइंट मिळाले नाहीत. टूरवाल्यांनी घेतले का?

नाही. ग्रुपची तिकिटं वेगळ्या, सवलतीच्या वर्गात निघतात आणि त्या वर्गाला बहुतेक कार्यक्रमांत पॉइंटच नसतात. चार्टर विमानांचंही तेच. टूर मॅनेजरशी वाद घालून उपयोग नाही. चेक-इनला नंबर सांगून बघायला मात्र हरकत नाही, क्वचित पडतात.

9. ‘फुकट’ तिकिटावर वीस-पंचवीस हजार भरायला सांगतात. ही कसली फुकटेगिरी?

दोन गोष्टी एकत्र आलेल्या असतात. एक, खरे कर आणि विमानतळाचे आकार. ते पॉइंटमधून सहसा सुटत नाहीत. लंडनहून निघणाऱ्या विमानाला ब्रिटिश सरकारचा एअर पॅसेंजर ड्यूटी हा कर लागतो आणि लांबच्या प्रवासाला तो बराच असतो. दोन, कंपनीने स्वतः लावलेला अधिभार. नाव इंधनाचं, पण तो कंपनीच्याच खिशात जातो. ब्रिटिश एअरवेज, लुफ्थान्सा, एमिरेट्स इथे तो जड पडतो. सिंगापूर एअरलाइन्स स्वतःच्या विमानांवर पॉइंटच्या तिकिटाला तो लावत नाही. युनायटेडही आपल्या माइल्सवरच्या तिकिटांना लावत नाही.

किंमत काढताना ही रक्कम वजा करायला विसरू नका (प्रश्न 4).

10. सिल्व्हर, गोल्ड यांचा उपयोग काय? गोल्ड व्हायला थोडंच कमी पडतंय, एखादी फेरी मारून येऊ का?

गोल्डचा खरा उपयोग तीन गोष्टींत: लाउंज, जादा सामान, आणि गोंधळाच्या दिवशी आधी दखल. स्टार अलायन्स गोल्ड असेल तर गटातल्या कंपन्यांवर 20 किलो किंवा एक बॅग जादा नेता येते. न्यू जर्सीला जाताना चकली-भाजणीची एक बॅग म्हणजे काय ते सांगायला नको.

पण हे सगळं वारंवार उडणाऱ्याला कामाचं. वर्षात चार फेऱ्या करणाऱ्याने लाउंजमधल्या इडलीसाठी गोल्डच्या मागे लागू नये. नुसती पायरी गाठायला फेरी मारणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: पुढच्या वर्षी तुम्ही याच कंपनीने खरंच इतकं उडणार आहात का? नोकरी बदलणार असेल, प्रोजेक्ट संपत आला असेल, तर गोल्ड कार्ड ड्रॉवरमध्ये पडून राहील.

11. तिकीट ऑफिसने काढलं. पॉइंट माझे की कंपनीचे?

विमानकंपनीच्या दृष्टीने जो उडाला त्याचे. ऑफिसचा नियम वेगळा असू शकतो, तो एचआरला विचारा. बहुतेक खासगी कंपन्या दुर्लक्ष करतात. हिंजवडीहून फ्रँकफर्ट-म्युनिक करणाऱ्यांना हा कार्यक्रम सर्वांत फळतो, कारण भाडं दुसऱ्याचं, पाठदुखी स्वतःची आणि पॉइंटही स्वतःचे. फक्त पॉइंटसाठी ऑफिसला महाग तिकीट काढायला लावणं बरं नव्हे, ऑडिटमध्ये ते दिसतंही.

12. नंबर दिला होता, प्रवास झाला, तरी पॉइंट आलेच नाहीत. काय चुकलं असेल?

निम्म्या वेळा नाव. हा आपल्याकडचा खास घोळ आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पासपोर्टमध्ये आडनावाचा एक रकाना असतो आणि बाकीच्या नावाचा एक. महाराष्ट्रात बऱ्याच जणांच्या दुसऱ्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. समजा पासपोर्टवर ‘सुनंदा विनायक’ आणि ‘कुलकर्णी’. तिकीट पासपोर्टप्रमाणे निघतं, बोर्डिंग पासवर ते ‘कुलकर्णी/सुनंदाविनायकमिसेस’ असं एकसलग छापून येतं. खातं मात्र उघडलेलं असतं ‘सुनंदा कुलकर्णी’ या नावाने. संगणकाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. लग्नानंतर पासपोर्ट बदलला आणि खातं माहेरच्या नावानेच राहिलं, तर आणखी पंचाईत.

उपाय सोपा आहे: खातं उघडतानाच नाव पासपोर्टवर आहे तसं, त्याच क्रमाने टाका. नंतर बदलायचं तर पासपोर्टची प्रत पाठवावी लागते आणि त्यात आठवडे जातात.

बोर्डिंग पास पॉइंट जमा होईपर्यंत टाकू नका. मोबाइलवरचा असेल तर स्क्रीनशॉट ठेवा. राहिलेले पॉइंट मागायला मुदत असते, सिंगापूर एअरलाइन्सला ती सहा महिने आहे. आठ-दहा दिवसांत पॉइंट दिसले नाहीत तर साइटवर ‘मिसिंग’ किंवा ‘रेट्रो क्लेम’ शोधा आणि तिकिटाचा तेरा आकडी क्रमांक टाका. नाव बरोबर असूनही आले नाहीत तर प्रश्न 7 किंवा 8.

13. बँकवाला म्हणतो हे कार्ड घ्या, वर्षाला एक तिकीट फुकट. घेऊ का?

आधी स्वतःला विचारा: दर महिन्याचं पूर्ण बिल तुम्ही वेळेवर भरता का? उत्तर ‘कधी कधी राहतं’ असेल तर विषय संपला. कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला 40 टक्क्यांच्या वर. कुठलेही पॉइंट एवढं भरून काढत नाहीत.

बिल नियमित भरणाऱ्यांनी वार्षिक फी अधिक 18 टक्के जीएसटी लिहून काढावा आणि त्यासमोर तेवढंच लिहावं जे नक्की वापराल. ‘फुकट तिकीट’ बरेचदा फक्त मूळ भाड्यापुरतं असतं, कर आपले. परदेशात कार्ड घासलं की बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के चलन-आकार आणि त्यावर जीएसटी, हेही धरा.

बँकेचे पॉइंट विमानकंपनीकडे एकदा पाठवले की परत येत नाहीत. हवी ती जागा हव्या त्या तारखेला पॉइंटवर दिसते आहे याची खात्री करूनच पाठवा. आगाऊ पाठवून ठेवणाऱ्यांचे पॉइंट अडकतात आणि मधल्या काळात कंपनी तिकिटाचा पॉइंट-दर वाढवते.

14. घरातल्या सगळ्यांचे पॉइंट एकत्र करता येतात का? लहान मुलांचं काय?

काही ठिकाणी येतात. एमिरेट्स, कतार, ब्रिटिश एअरवेज यांच्याकडे कुटुंबाचं सामाईक खातं आहे. सिंगापूरच्या क्रिसफ्लायरमध्ये पॉइंट एकत्र होत नाहीत, पण पाच जणांची नावं नोंदवून त्यांच्यासाठी तिकीट काढता येतं. दोन वर्षांपुढच्या मुलाची स्वतंत्र जागा असते, त्याचंही खातं बऱ्याच ठिकाणी निघतं. मांडीवरच्या बाळाला सहसा पॉइंट नसतात.

15. पॉइंटना मुदत असते का?

असते, आणि तिचे दोन प्रकार आहेत. एकात पॉइंट मिळाल्यापासून घड्याळ चालू होतं आणि खात्यात हालचाल झाली तरी थांबत नाही: क्रिसफ्लायर आणि एमिरेट्सची तीन वर्षं अशी आहेत. दुसऱ्यात काही ना काही हालचाल झाली की मुदत पुढे सरकते: एव्हिऑसला 36 महिने, अमेरिकन एअरलाइन्सला 24 महिने. युनायटेड आणि डेल्टाच्या माइल्सना मुदत नाही. दुसऱ्या प्रकारात भागीदार दुकानातून छोटीशी खरेदी केली तरी खातं जिवंत राहतं. पहिल्या प्रकारात तारीख लिहून ठेवण्याला पर्याय नाही.

16. कंपनीच बंद पडली तर?

आपण हे तीनदा, तीन तऱ्हांनी बघितलं आहे. किंगफिशर 2012 मध्ये थांबली आणि किंग क्लबचे पॉइंटही तिच्याबरोबर गेले. जेट एअरवेजची विमानं 17 एप्रिल 2019 ला थांबली, पण जेटप्रिव्हिलेज वेगळ्या कंपनीत होतं आणि त्यात एतिहादचा मोठा वाटा होता. म्हणून ते इंटरमाइल्स या नावाने चालू राहिलं. पॉइंट वाचले, पण ज्या विमानासाठी लोकांनी साठवले होते ते विमान उरलं नाही. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्ताराचे पॉइंट एकास एक तिकडे गेले.

म्हणून पॉइंट साठवायला नसतात, खर्चायला असतात. त्यांना व्याज लागत नाही आणि दर कंपनीच्या मर्जीने बदलतो. आर्थिक अडचणीच्या बातम्या यायला लागल्या की मिळेल ते तिकीट काढून मोकळं व्हावं.

17. ‘तुमचे पॉइंट आज संपतायत, लिंकवर क्लिक करा’ असा मेसेज आला. आणि एक जण पॉइंट विकत घेतो म्हणतोय.

लिंक उघडू नका. ॲप पाठवलं असेल तर अजिबात टाकू नका. खरी मुदत बघायची तर कंपनीचं ॲप स्वतः उघडा.

पॉइंट विकणं बहुतेक कार्यक्रमांच्या नियमांविरुद्ध आहे. सापडलं तर खातं बंद आणि काढलेलं तिकीट रद्द. दाद मागणंही अवघड. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने एका सभासदाचं खातं फार तक्रारी करतो म्हणून बंद केलं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2014 मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. त्या माणसाने तर काही विकलंही नव्हतं.

18. वडील वारले. त्यांच्या खात्यात बरेच पॉइंट आहेत. ते आईच्या नावावर होतील का?

बँकेतल्या पैशांसारखे आपोआप होत नाहीत. बहुतेक कार्यक्रमांच्या अटींत पॉइंट ही सभासदाची मालमत्ता नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. काही कंपन्या तरीही मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं बघून पॉइंट वळते करतात, काही त्यासाठी शुल्क घेतात, काही सरळ नाही म्हणतात. लेखी विचारा, आणि पॉइंट कुठल्या तारखेला संपतात ते त्याच पत्रात विचारून घ्या. गुपचूप त्यांच्या पासवर्डने तिकीट काढू नका. नंतर लक्षात आलं तर प्रवासाच्या दिवशी विमानतळावर अडकायला होतं.

ज्यांचे आई-वडील हयात आहेत आणि आता फारसा प्रवास करत नाहीत, त्यांनी हा विषय आत्ताच काढलेला बरा. त्यांच्याच हाताने, त्यांच्या खात्यातून घरातल्या कोणाचं तरी तिकीट काढून घ्यावं. क्रिसफ्लायरसारखं खातं असेल तर आधी नावं नोंदवावी लागतात (प्रश्न 14).